तीन बटणं

ओउलूत डिसेंबरात दुपारी अडीचलाच दिवस मिटतो,
म्हणून जग मांडायला संध्याकाळची वाट बघावी लागत नाही.
सेइयाच्या दारात बुटांचा ढीग, खाली वितळलेल्या बर्फाचं तळं,
टेबलावर वेलदोड्याचा पाव, कॉफी, वीस बाजूंचा फासा,
आणि माझ्यापुढे उभा केलेला पुठ्ठा,
त्याच्या आड माझी बावीस पानं.

बाविसाव्या पानावर नावाडी मरणार होता.
मी त्याला सप्टेंबरपासून मारत होतो,
शब्द बदलून बदलून.
नदी काळी, धुकं दाट, दोर तुटतो,
आणि हे सगळे काठावर सुन्न.
मनातले मांडे, पण खरपूस भाजलेले.

मग सेइयाने शिवणाचा डबा आणला.
"प्रत्येकाला तीन बटणं," ती म्हणाली.
"एक टाकायचं, एक वाक्य बोलायचं.
ते वाक्य खरं.
तुलाही खोडता येणार नाही."
मी हसलो. सूत्रधाराने हसायचं असतं
सूत्रं जाताना.

तुइरे दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "आ करा" म्हणते.
तिने पहिलं टाकलं, निळं, कोटाचं:
"नावाडी माझा भाऊ आहे.
आठ वर्षं आम्ही बोललेलो नाही."

आता तो नुसता मरू शकत नव्हता.
आता त्याला आधी बोलावं लागणार होतं.

आउलिस बस चालवतो. त्याने एका रात्रीत तिन्ही उधळली:
वरच्या अंगाला पूल. पुलावर टोलनाका.
नाक्यावर त्याच्या ओळखीचा माणूस.
चिडलो, खरं सांगतो.
माझ्या ओसाड नदीवर त्याने वाहतूक सुरू केली.
घरी जाताना बर्फात पाय आपटत म्हणालो,
यापेक्षा कादंबरी लिहावी,
कादंबरीतली माणसं मधेच कॉफी मागत नाहीत.

पण झोप लागेना.
आठ वर्षं का बोलले नाहीत?
माझीच नदी, माझाच नावाडी,
आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी
पुढे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं,
आणि पुढचा शुक्रवार सहा दिवस लांब.

इल्पो मात्र बटणं टाकत नसे.
सात आठवडे. मुठीत धरून बसायचा,
निघताना डब्यात परत ठेवायचा, मोजून.
सेइयाचा भाचा. वसंतापासून शाळेत जात नाही,
एवढंच आम्हाला सांगितलेलं.
कोणी त्याला "टाक की" म्हटलं नाही.
आउलिससुद्धा गप्प राहिला, म्हणजे बघा.

आठव्या शुक्रवारी नाव मधोमध पोचली.
भाऊ-बहीण दोन टोकांना, मधे फक्त वल्ह्याचा आवाज.
मी म्हणालो, "पलीकडे धुकं. काही दिसत नाही."
पानावर तेवढंच होतं. धुकं स्वस्त पडतं,
त्यात काही ठेवावं लागत नाही.

टक्.
पांढरं, शर्टाचं, चार भोकांचं.

"पलीकडे दिवा आहे," इल्पो म्हणाला.
"कोणीतरी हातात धरलाय. हलतोय."

बाहेरून बर्फ लोटणारी गाडी गेली,
तिचा पिवळा उजेड छतावरून सरकला.
कोणी वर पाहिलं नाही.

मी पुठ्ठा आडवा केला.
मागे काय असतं ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं:
कपाचे गोल डाग, खोडलेले नावाडी,
समासात काढलेला एक मासा.
"कोणी धरलाय?" मी विचारलं,
जसं ते इतकी वर्षं मला विचारत आले,
खरंच माहीत नसताना.

इल्पोने मूठ उघडली.
उरलेल्या दोहोंतलं एक, तपकिरी, जाड,
टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.
"तू सांग."

बटण कोमट होतं.
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात तुइरे म्हणाली,
"थांब जरा.
आधी मला त्याच्याशी बोलू दे."